आठवड्याला एक विशेषण

बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, समोरच्या रस्त्यावर खोदकाम करणाऱ्यांपैकी कुणीतरी आत आलं आहे. सुती साडी, पायात मुलाचे जुने ट्रेनर्स, म्हणजे खेळाचे बूट, आणि वर भडक पिवळं हायव्हिज जॅकेट, पाठीवर चंदेरी पट्टे. लंडनच्या न्यू माल्डनमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये आमची छोटी संस्था कोरियन लोकांसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालवायची. हॉलची किल्ली, चहाचं सामान, हजेरी आणि शिकवणारे स्वयंसेवक हे सगळं जमवणं माझं काम. बाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आय ॲम द टीचर." मग माझ्या गळ्यातल्या कार्डावरचं आडनाव वाचून लगेच मराठीत, "अरे वा, आपलीच की तू. आधी हीटर लाव."

जॅकेटबद्दल मी काही विचारलं नव्हतं, पण त्यांनी सांगून टाकलं. मुलगा हीथ्रो विमानतळावर कामाला, त्याचं ते जॅकेट. "इथं चार वाजता अंधार. राखाडी आकाश, राखाडी रस्ता, आणि माझे केसही राखाडी. बसच्या ड्रायव्हरला मी दिसले पाहिजे. बाकी कुणाला नाही दिसले तरी चालतंय."

त्या हाउन्सलोला मुलाकडे राहायच्या, मीही तिथलीच. त्यामुळे येताना दोन बस बदलून त्या एकट्या यायच्या, पण परतताना माझ्या गाडीत. आता त्यांच्या मुलाने मेडनहेडला घर घेतलं आहे आणि बाई तिथे असतात. शिकवत नाहीत. शिकवणं त्यांनी कसं सोडलं ते सांगण्याआधी त्या कशा शिकवायच्या ते सांगायला हवं.

इचलकरंजीजवळच्या एका शाळेत बाईंनी सगळी हयात इंग्रजी शिकवलं होतं. पुस्तकावर त्यांचा विश्वास नव्हता. "नामं माणूस दुकानात शिकतो," त्या म्हणायच्या. "क्रियापदं भूक लागली की येतात. विशेषण मात्र कुणीतरी हाताला धरून शिकवावं लागतं." म्हणून आठवड्याला एकच विशेषण. ते सगळ्यांना येईपर्यंत चहा नाही. फोन आल्या आल्या केकच्या रिकाम्या डब्यात, कारण फोनमध्ये डिक्शनरी असते आणि डिक्शनरी म्हणजे बाईंच्या मते कॉपी. 'व्हेरी' या शब्दाला पूर्ण बंदी. कुणी व्हेरी म्हटलं की बाई कपाळाला हात लावायच्या. "व्हेरी इज लेझी. फाइंड द वर्ड."

आणखी एक नियम होता. बाई बसलेल्या असल्या की कुणी बोलायचं नाही, ऐकायचं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि ज्याच्याकडे पाहिलं त्याने लगेच वाक्य सुरू करायचं, आणि सुरू केलेलं वाक्य मधे सोडायचं नाही. चुकलं तरी शेवटापर्यंत जायचं. कोरियन लोकांना हे फार पटलं. शिक्षकाला मध्येच प्रश्न विचारायची त्यांनाही सवय नाही. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या तरी समोरचा माणूस तोंड उघडायचा.

त्यांची भाषा बाईंना येत नव्हती, पण चाल कळली होती. एकदा गाडीत मला समजावत होत्या, "अगं, यांचं वाक्य आपल्यासारखंच आहे. क्रियापद शेवटाला. माणूस काय म्हणतोय ते कळायला शेवटपर्यंत थांबावं लागतं. आणि यांच्याकडे विशेषणसुद्धा क्रियापदासारखं चालतं. फूल लाल नसतं, फूल लालावतं. त्यामुळे इंग्रजी विशेषण यांना मेल्यासारखं वाटतं. नुसतं बसून राहिलंय."

प्रत्येक नव्या वर्गाला पहिला शब्द ठरलेला, पर्मनंट. कोरियन डिक्शनरीत त्याला चांगला भारदस्त शब्द आहे म्हणे, पण तो घरात कुणी बोलत नाही. घरात म्हणतात ओरे, म्हणजे पुष्कळ वेळ. पुष्कळ वेळ आणि कायमचं यांतला फरक बाई रस्त्यावर नेऊन शिकवायच्या. सगळा वर्ग कोट घालून फुटपाथवर. बाई लॅम्पपोस्टला हात लावायच्या, "पर्मनंट." खोदकामाच्या नारिंगी कोनला पायाने ढकलायच्या, "टेंपररी." कोपऱ्यावर रस्तादुरुस्तीसाठी कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, तात्पुरते सिग्नल लावले होते, ते कित्येक महिने हलले नव्हते. वर्गात एक तरुण आई होती, बाळाला बाबागाडीत घेऊन यायची. ती म्हणाली, "बाई, टेंपररी लाइट इज पर्मनंट."

"धिस इज कौन्सिल," बाई म्हणाल्या. "कौन्सिल इज सेपरेट चॅप्टर."

(सगळे त्यांना बाई म्हणायचे. ते त्यांचं नाव आहे असाच सगळ्यांचा समज होता, आणि बाईंनी तो दूर केला नाही.)

चर्चच्या मागे जुनी थडगी होती. एका वर्गाला बाईंनी त्यांच्याकडे बोट केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पर्मनंट." कोरियन बायका दोन पावलं मागे सरकल्या. एकीने तर तोंड फिरवलं. मीही चपापले. बाई मात्र पुढच्या वाक्यावर गेल्या होत्या.

त्याचं कारण मला नंतर कळलं. त्या वर्षी माझ्या छातीत गाठ लागली होती आणि तपासणीची वाट पाहणं चालू होतं. घरी नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा हाउन्सलोला परतताना ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि मी बोलून गेले, "बाई, मला गाठ आलीये. काय असेल कोण जाणे, समजा..."

"इंग्रजीत बोल," बाई म्हणाल्या.

"काय?"

"जे काय 'समजा' आहे ते इंग्रजीत बोल. आपल्या भाषेत असलं काही बोलू नये. लागतं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मग मी इंग्रजीत सगळं सांगितलं, अगदी वाईटातलं वाईट, आणि त्या विंडस्क्रीनकडे बघत "येस, येस, गो ऑन" म्हणत राहिल्या. तपासणीत काही निघालं नाही. पण बाईंचा हा नियम मला तेव्हापासून सगळीकडे दिसायला लागला. त्यांचा नवरा 'एक्स्पायर' झाला होता. त्यासाठीचा मराठी शब्द त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकला नाही. बहिणीला फोनवर सांगायच्या, "अमकीला सी झालाय, लास्ट स्टेज." सुनेशी भांडण झालं तर तेही इंग्रजीत. "इंग्रजीत भांडलं की रात्री एका टेबलावर जेवता येतं. मराठीत भांडून बघ, वर्षभर घास उतरणार नाही." इंग्रजी ही त्यांच्यासाठी रबरी हातमोज्यांसारखी भाषा होती. गरम, घाण, धारदार, काहीही त्यातून उचलावं.

आपण सगळेच थोडंफार हे करतो. म्हणून तर मला ते कधी चुकीचं वाटलं नाही.

मिस्टर हान वर्गात आले ते नोव्हेंबरमध्ये. सत्तरीच्या आसपास, बुटके, हात भाजल्याच्या जुन्या डागांनी भरलेले. एका कोरियन रेस्टॉरंटच्या किचनमध्ये त्यांचं आयुष्य गेलं होतं. तिथे सगळे कोरियनच, त्यामुळे इंग्रजीशी कधी गाठ पडली नाही. घरातली सगळी इंग्रजी बायको बोलायची. त्या विमानतळावर सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर कामाला होत्या. बँक, कौन्सिल, बॉयलरवाला, डॉक्टर, सगळ्यांशी त्याच बोलायच्या. मूलबाळ नव्हतं. आणि आता त्यांनाच स्ट्रोक आला होता. डावा हात, डावा पाय गेला होता. त्या घराची इंग्रजी हॉस्पिटलच्या वॉर्डात झोपून होती.

बाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना हानवहिनी म्हणायला सुरुवात केली. न बघताच.

प्रश्न साधा होता आणि फार मोठा होता. वहिनींना घरी यायचं होतं. मिस्टर हान यांना त्यांना घरी आणायचं होतं. पण हॉस्पिटलच्या लोकांचं म्हणणं, घरी खालच्या खोलीत हॉस्पिटलचा पलंग लागेल, पेशंटला पट्ट्यात घालून उचलणारं होइस्टचं यंत्र लागेल, दिवसातून चार वेळा देखभाल करणारे दोन-दोन केअरर येतील. मिस्टर हान या सगळ्याला नाही म्हणत होते. "नो नीड बेड. शॉर्ट टाइम. स्प्रिंग, शी वॉक." त्यावरून टीमने निष्कर्ष काढला की नवऱ्याला परिस्थितीची कल्पना नाही. हा माणूस पहिल्याच आठवड्यात बायकोला उभं करायला जाईल आणि दोघंही पडतील. त्यापेक्षा नर्सिंग होम बरं, जिथे असे पेशंट कायमचे राहतात. जे मोकळं होतं ते इतकं लांब होतं की मिस्टर हान यांना आठवड्यातून एकदा जाणंही जमलं नसतं.

वर्गातली ती बाबागाडीवाली आई पहिल्या मीटिंगला त्यांच्याबरोबर गेली होती. तिने आम्हाला सांगितलं. हॉस्पिटलने फोनवर दुभाषी दिली होती, एक कोरियन मुलगी. डॉक्टर म्हणाल्या, ही बाजू परत येणार नाही, हे पर्मनंट आहे. मुलगी क्षणभर थांबली आणि कोरियनमध्ये म्हणाली, ओरे. पुष्कळ वेळ लागेल.

"मग तू का नाही सांगितलंस?" बाईंनी तिला इंग्रजीत दरडावलं.

ती बाळाकडे बघत म्हणाली, "ही इज लाइक माय फादर, बाई. आय कॅनॉट."

 बाईंनी जॅकेट चढवलं आणि मिस्टर हान यांना म्हणाल्या, "कम."

मी हॉलच्या दारात उभी होते. बाई त्यांना लॅम्पपोस्टपाशी घेऊन गेल्या.

"धिस?"

"पर्मनंट," मिस्टर हान म्हणाले. शब्द त्यांना आदल्या आठवड्यात आला होता.

बाईंनी कोन दाखवला. "धिस?"

"टेंपररी."

बाईंनी स्वतःचा डावा हात पुढे केला, तो दुसऱ्या हाताने उचलला आणि सोडून दिला. तो कुणाचा नसल्यासारखा खाली पडला. "युवर वाइफ्स हँड?"

"टेंपररी," ते हसून म्हणाले.

"नो," बाई म्हणाल्या.

मिस्टर हान हसत राहिले. मग हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि ते मात्र त्यातून निघून गेले. "हू से?"

"डॉक्टर से."

त्यांनी लॅम्पपोस्टला हात लावला. तळवा पूर्ण टेकवून. बराच वेळ तसे उभे होते, जणू तो हलतो का ते बघत होते. बाई शेजारी उभ्या. एक बस आली, थांबली, कुणी चढत नाही पाहून निघून गेली.

गाडीत मी विचारलं, "बाई, ते मराठी असते तर सांगितलं असतंत असं?"

"वेडी आहेस का? मराठीत म्हटलं असतं, होईल हळूहळू." खिडकीबाहेर बघत त्या पुढे म्हणाल्या, "पण हळूहळूवर बायको घरी येत नाही ना. त्या लोकांना ऐकायचंय, की याला समजलंय. तेवढं एक वाक्य त्याला आलं की झालं. कुणाला काही लागत नाही त्यात. इंग्रजीच तर आहे."

पुढच्या मीटिंगपर्यंत बाईंनी वर्गाला दुसरा शब्द दिला नाही. सगळा वर्ग जणू मिस्टर हान यांच्यासाठीच बसलेला. वाक्य बाईंनी घडवलं होतं. माय वाइफ्स कंडिशन इज पर्मनंट. आय अंडरस्टँड. आय एक्सेप्ट द बेड ॲंड द होइस्ट. आय विल केअर फॉर हर ॲट होम. बाई उभ्या राहायच्या, त्यांच्याकडे बघायच्या, आणि ते सुरू करायचे. पहिले काही वर्ग त्या शब्दापाशी आले की त्यांना ओशाळं हसू फुटायचं. "नो स्माइल. दे विल थिंक यू आर जोकिंग." मग आवाज पडायचा. "अप टू द वॉल, मिस्टर हान! भिंतीपर्यंत गेला पाहिजे." एकदा त्यांनी घाबरून 'व्हेरी पर्मनंट' म्हटलं, आणि बाई इतक्या ओरडल्या की बाबागाडीतलं बाळ रडायला लागलं. शेवटी शेवटी ते वाक्य असं यायला लागलं, की डोळे मिटून ऐकलं तर इथेच जन्मलेला कुणी बोलतोय असं वाटावं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मिस्टर हान वाकून सगळ्यांना नमस्कार करत होते, आणि बाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला तेवढा खूश नंतर कधी पाहिला नाही.

इकडे ते रोज वॉर्डात जायचे आणि बायकोला कोरियनमध्ये तेच सांगायचे जे आधीपासून सांगत होते. वसंतात चालायला लागशील. फिजिओथेरपिस्टने एक मऊ निळा बॉल दिला होता, डाव्या हातात ठेवून दाबायचा प्रयत्न करायला. वहिनी दिवसभर तो प्रयत्न करायच्या. बोटं हलायची नाहीत. पण नवरा आला की त्या बॉल वर धरून दाखवायच्या, उजव्या हाताने डाव्याला आधार देऊन, आणि तो म्हणायचा, कालच्यापेक्षा बरं आहे. हे नर्सनेच सांगितलं मला, वहिनींकडून इंग्रजीत ऐकलेलं, मीटिंगच्या दिवशी, कॉरिडॉरमध्ये. तिला ते गोड वाटत होतं.

मीटिंग वॉर्डाशेजारच्या छोट्या खोलीत होती. गोल टेबल, टिश्यूंचा डबा, खिडकीतून पार्किंग. डॉक्टर, फिजिओ, एक तरुण सोशल वर्कर. मिस्टर हान सूट घालून आले होते. बाईंनी जॅकेट काढून मांडीवर घेतलं होतं. मी कडेला. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "बरोबर बोलेल बघ. सकाळी फोनवर म्हणून घेतलंय."

तेवढ्यात दार उघडलं आणि नर्सने व्हीलचेअर आत आणली. हानवहिनी. बाई त्यांना प्रथमच पाहत होत्या. केस विंचरलेले, ओठांवर नीट रेखलेली लिपस्टिक, मांडीवर डावा हात आणि त्या हातात तो बॉल.

"अगं," बाई कुजबुजल्या, "हिला कशाला आणलं?"

"पेशंट असतात इथे मीटिंगला."

"समोर?"

"समोरच. त्यांचीच मीटिंग आहे ना बाई."

बाईंच्या लक्षात काय आलं ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांच्या सगळ्या आयुष्यात असलं बोलणं पेशंटच्या खोलीबाहेर झालं होतं. डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला बोलवायचं, घरच्यांनी डोळे पुसून, चेहरा नीट करून आत जायचं. हे त्यांनी मला विचारलंही नव्हतं, कारण यात विचारण्यासारखं काही असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. आणि त्याचा विचार मिस्टर हान यांनीही केला नव्हता. ते बायकोकडे बघून हसले, त्याही हसल्या.

सोशल वर्कर म्हणाली, "मिस्टर हान, तुम्हाला काही सांगायचंय असं कळलं."

मिस्टर हान यांनी बायकोकडे पाहिलं. मग टेबलाकडे. त्यांना बोलायचं नव्हतं. ते मला अगदी स्पष्ट दिसलं. ते गप्प राहिले असते.

बाईंना त्यांना थांबवायचं होतं. "नॉट नाउ" म्हणायचं होतं, वहिनींना बाहेर न्यायला सांगायचं होतं, ते त्यांनी मला नंतर कितीतरी वेळा सांगितलं. त्यासाठी त्या उठून उभ्या राहिल्या. जॅकेट मांडीवरून खाली पडलं. त्यांनी मिस्टर हान यांच्याकडे पाहिलं.

आणि मिस्टर हान यांनी सुरू केलं.

"माय वाइफ्स कंडिशन इज पर्मनंट."

"मिस्टर हान," बाई म्हणाल्या.

पण सुरू केलेलं वाक्य मधे सोडायचं नसतं. त्यांचा आवाज अजून चढला, भिंतीपर्यंत गेला. "आय अंडरस्टँड. आय एक्सेप्ट द बेड ॲंड द होइस्ट. आय विल केअर फॉर हर ॲट होम." कुठे अडखळले नाहीत. कुठे हसले नाहीत.

सोशल वर्करचे डोळे भरून आले. डॉक्टर म्हणाल्या, थँक यू, हे सोपं नव्हतं. वहिनी नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या, कुतूहलाने, एखादा माणूस प्रथमच भेटावा तसं. त्यांनी फक्त मान हलवली. पंधरवड्यात त्यांना घरी सोडायचं ठरलं. मीटिंग चांगली झाली असं सगळे म्हणाले, आणि कागदोपत्री ती चांगलीच झाली होती.

निघताना फिजिओने खाली वाकून बॉल उचलला आणि वहिनींच्या हातात परत दिला. त्यांनी तो टेबलावर ठेवला.

बाईंनी त्यानंतरचा एक वर्ग घेतला. विशेषण दिलं नाही. सगळ्यांना लवकर चहा दिला आणि बसून राहिल्या. त्या बसलेल्या, म्हणून वर्गही गप्प. पुढच्या आठवड्यापासून मी दुसरं कुणी बघायला लागले.

वहिनी घरी आल्यावर आम्ही दोघी भेटायला गेलो. फेब्रुवारी होता. पुढच्या खोलीतलं सामान हलवून पलंग लावला होता, होइस्ट कोपऱ्यात, चादरी कडक इस्त्रीच्या. मिस्टर हान यांनी सगळं इतकं नीट ठेवलं होतं, की बघणाऱ्याला शाबासकी द्यावीशी वाटावी. ते आमच्यासाठी नाशपाती कापायला आत गेले. लिपस्टिक नव्हती. उजव्या हाताशी टीव्हीचा रिमोट होता.

बाई पलंगाशेजारी खुर्चीवर बसल्या. "एक्सरसाइज?" त्यांनी विचारलं.

"स्टॉप," वहिनी म्हणाल्या. जीभ किंचित जड झाली होती, पण इंग्रजी स्वच्छ होती, काउंटरवरची. "फिजिओला सांगितलं, नको येऊ."

"डॉक्टर्स आर समटाइम्स राँग," बाई म्हणाल्या.

"मला डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. "मला इंग्रजी येतं ना. सगळं कळलं होतं. डॉक्टर म्हणाले तर काय, ते डॉक्टर आहेत. तो रोज येऊन खोटं बोलायचा. मला माहीत होतं खोटं आहे. पण तो म्हणायचा, म्हणून मी करायचे." त्यांनी रिमोट जवळ ओढला. "आता कुणीच म्हणत नाही."

मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "त्याला ते वाक्य कुणी शिकवलं? लग्नापासून मी शिकवत होते. कधी एक वाक्य पुरं आलं नाही त्याला. किती छान बोलला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "आय टॉट हिम," त्या म्हणाल्या.

"यू आर अ गुड टीचर," वहिनी म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाईंना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

नाशपाती खाल्ली.  निघताना दारात बाईंनी मिस्टर हान यांचा हात धरला. तसा त्या कधी कुणाचा धरत नसत.

"मिस्टर हान, लिसन. डोंट से दॅट वर्ड. नॉट इन धिस हाउस. से, स्प्रिंग. इन कोरियन. एव्हरी डे. लाइक बिफोर."

त्यांनी हळूच हात सोडवून घेतला. आवाज उतरवून, खोलीकडे एक नजर टाकत म्हणाले, "नो, बाई. आय से स्प्रिंग, दे थिंक हान डझ नॉट अंडरस्टँड. दे टेक हर." केअरर दिवसातून चार वेळा येतात, आल्यावर सगळं बघतात, लिहितात, हे त्यांनी खुणेने दाखवलं. "आय से पर्मनंट, शी स्टे."

"शी हिअर्स."

"येस," ते म्हणाले. "बट शी स्टे."

बाई फाटकाकडे वळल्या. 

फाटकासमोर छोटी गाडी थांबली. निळ्या गणवेशातल्या दोघी केअरर उतरल्या. त्यातली एक नवीन असावी, घराचा नंबर तपासत होती. मिस्टर हान झटकन सरळ झाले. दार पूर्ण उघडून धरलं, कोटाचं बटण लावलं, आणि ती पायरीवर पाऊल टाकते न टाकते तोच, न हसता, भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "गुड आफ्टरनून. माय वाइफ्स कंडिशन इज पर्मनंट. आय अंडरस्टँड."

"ओ, ब्लेस यू," ती केअरर म्हणाली आणि पाय पुसून आत गेली.

बाई फाटकापर्यंत पोचल्या होत्या. कडीला हात घालून त्या तशाच उभ्या राहिल्या. आतून टीव्हीचा आवाज वाढला. मग आणखी वाढला.